स्टीम इस्त्रीसाठी पांढरं व्हिनेगर: बोअरच्या पाण्यावर एकदम कामाचं

पुण्यात वाघोली, उंड्री, पिसोळी साईडला राहणाऱ्यांसाठी खास लिहितेय, जिथे सोसायटीत बोअर नाहीतर टँकरचं पाणी येतं. आपल्याकडे स्टीम इस्त्री लवकरच फुसफुसायला लागते, वाफ कमी आणि पांढऱ्या शर्टावर तपकिरी थेंब जास्त. पेठांमध्ये खडकवासल्याचं पाणी असतं, त्यांना हा त्रास खूपच कमी होतो. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर असतं, ते तापलं की क्षाराचा थर बसतो आणि तोच वाफेच्या भोकांत अडकतो.

यावर किराणा दुकानातलं साधं पांढरं व्हिनेगर मस्त चालतं, ज्यावर ४-५ टक्के ॲसेटिक ॲसिड लिहिलेलं असतं ते. ब्राऊन किंवा ॲपलवालं नको. अर्धं व्हिनेगर अर्धं पाणी करून टाकी पाव भरायची, इस्त्री फुल तापवायची, बटण बंद करून ५-१० मिनिटं तशीच उभी ठेवायची, मग परत तापवून जुन्या टॉवेलवर वाफ सोडत राहायचं. जे काही बाहेर येतं ना, पांढरे कण, गढूळ पाणी, बघून धक्का बसतो पण समाधानही वाटतं. खिडकी उघडी ठेवा, वास नाकात जातो. नंतर टाकी रिकामी करून साध्या पाण्याने दोनदा तीच वाफ काढायची, हे अजिबात टाळू नका, नाहीतर कपड्यांना लोणच्यासारखा वास येतो.

वास नकोच असेल तर लिंबूफूल घ्या, म्हणजे सायट्रिक ॲसिड, लहान चमचाभर ग्लासभर कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून. लिंबू पिळून मात्र घालू नका, रेशे भोकात अडकतात.

खायचा सोडा फक्त खालच्या प्लेटसाठी. इस्त्री थंड असताना सोडा-पाण्याची पेस्ट लावून ओल्या सुती फडक्याने हलकंच पुसायचं, भोकांत गेलेली पेस्ट कानकाडीने काढायची. टाकीत सोडा घालू नका आणि व्हिनेगरमध्ये मिसळूही नका, दोघं एकमेकांना मारतात, नुसता फेस होतो. नॉनस्टिक प्लेटवर मीठ, तारेचा काथ्या काही नको.

बाजारात डिस्केलरच्या बाटल्या मिळतात, त्या वाईट नाहीत, पण घरच्या साध्या इस्त्रीला इतका खर्च मला पटत नाही. व्हिनेगरची एक बाटली कितीतरी वेळा पुरते आणि उरलेलं चायनीजला कामाला येतं. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा गुण वासाचा कापला.

एक मात्र बघाच, काही कंपन्या मॅन्युअलमध्ये व्हिनेगर नको असं स्पष्ट लिहितात, तिथे वॉरंटीचा प्रश्न येतो. अशा इस्त्रीत बऱ्याचदा सेल्फ-क्लीनचं बटण असतं, टाकी भरून फुल तापवून, प्लग काढून बेसिनवर आडवी धरायची आणि ते दाबून हलवत राहायचं. आणि बोअरचं पाणी असेल तर हे महिन्यातून एकदा तरी कराच.