वडिलांचे मृत्युपत्र आणि वकिलाचा शोध : चौदा महिन्यांनंतरचा अनुभव

वडील 2023 च्या अखेरीस गेले. वडोदऱ्यात दांडिया बाजारातील राहते घर, बँकेतील ठेवी आणि मुंबईच्या नोकरीत असताना घेतलेला दादरचा लहानसा फ्लॅट, असे सर्व काही त्यांनी नोंदणीकृत मृत्युपत्राने आईच्या नावे ठेवले होते. कागद नोंदणीकृत आहे म्हणजे काम फार तर महिन्याभराचे, अशी माझी समजूत होती.

पहिल्या वकिलांनी मालमत्तेच्या किमतीवर दोन टक्के फी सांगितली, ‘सगळे इथल्याच दिवाळीपुरा कोर्टात होईल’ असे आश्वासन दिले आणि मूळ मृत्युपत्र पोच न देता ठेवून घ्यायची तयारी दाखवली. दाव्यातून मिळणाऱ्या मालमत्तेत वाटा ठरवून फी घेण्यास बार कौन्सिलचे, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेचे, नियम मनाई करतात, हे मला नंतर कळले. त्या दिवशी केवळ पोच मिळेना म्हणून मी कागद परत पिशवीत घातला.

ज्यांना काम दिले त्यांनी फीविषयी बोलण्याआधी दोनच गोष्टी विचारल्या : मालमत्ता कुठे कुठे आहे आणि साक्षीदार हयात आहेत का. वडोदऱ्याच्या घरासाठी प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याच्या न्यायालयीन दाखल्याची, सक्ती नाही, वारसांत वाद नसल्याने मृत्युपत्रावरच सिटी सर्व्हेत, म्हणजे शहरातील मिळकतींच्या सरकारी नोंदीत, नाव चढेल, असे सांगून त्यांनी स्वतःचे निम्मे काम स्वतःच कमी केले. दादरच्या फ्लॅटला मात्र त्या वेळच्या नियमाप्रमाणे प्रोबेट लागणारच होते. आणि राज्याबाहेरील मालमत्ता दहा हजार रुपयांहून अधिक किमतीची असेल, तर जिल्हा न्यायालयाचे प्रोबेट तिथे चालत नाही, म्हणून 1925 च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमातील कलम 273 उघडून दाखवत त्यांनी आम्हाला मुंबई उच्च न्यायालयात अर्ज करण्याचा सल्ला दिला. महाराष्ट्रात प्रोबेटच्या कोर्ट फीला 75,000 रुपयांची कमाल मर्यादा आहे, हेही त्यांनीच सांगितले. (दोन टक्क्यांचा हिशेब मी घरी येऊन केला आणि आईला सांगितला नाही.)

दोन साक्षीदारांपैकी एक वारले होते. दुसरे, वडिलांचे जुने सहकारी, कारेलीबागेत राहतात; वय चौऱ्याऐंशी. त्यांनी चष्मा पुसून कागद खिडकीपाशी नेला, सहीच्या लांब शेपटीवर बोट ठेवले आणि ‘ही माझीच, तेव्हा हात कापत नव्हता’ म्हणाले. त्यांचे प्रतिज्ञापत्र वेळेत झाले. बहिणीने संमतीचे प्रतिज्ञापत्र दिल्यामुळे तिला नोटीस काढण्याचा फेरा वाचला. परंतु मृत्युपत्रात वडिलांचे पूर्ण नाव आणि सोसायटीच्या भागपत्रावर नुसती आद्याक्षरे, एवढ्या कारणावरून आलेली हरकत निस्तरण्यात दोन महिने गेले. हा फरक वकिलांना पहिल्याच दिवशी दिसायला हवा होता, कारण दोन्ही कागद त्यांच्या टेबलावर शेजारी शेजारी होते.

फी टप्प्याटप्प्याने आणि लिहून ठरली होती, तीत शेवटपर्यंत वाढ झाली नाही. मुंबईच्या सहकारी वकिलांची फी वेगळी, तीही आधीच सांगितलेली. फोन मात्र आमचे वडोदऱ्याचे वकील संध्याकाळी सातनंतरच उचलतात, आणि तारीख पुढे गेल्याचे दोनदा मलाच विचारून घ्यावे लागले. प्रोबेट गेल्या महिन्यात हाती आले असून सोसायटीकडे आईच्या नावाचा अर्ज दिला आहे. पाचपैकी चार गुण देतो. एक त्या आद्याक्षरांचा कापला.