नववीची सहल कुठे न्यावी: बेळगाव, धारवाड, कोल्हापूर की बंगळूर?

दसऱ्याची सुट्टी संपून शाळा भरली की सहलीचा विषय निघतो. जोग, मुरुडेश्वर, म्हैसूर अशी नावं फळ्यावर लिहायची, मुलांना हात वर करायला लावायचे आणि जास्त हात जिकडे तिकडे गाडी ठरवायची, ही आपली रीत. त्या सहलीला माझा विरोध नाही. पण मी इथे वेगळ्या सहलीबद्दल लिहितोय. खानापूर तालुक्यातल्या आमच्या मराठी शाळेत नववीच्या मुलांना ‘दहावीनंतर काय?’ विचारलं तर वर्षानुवर्षं दोनच उत्तरं येत होती: आयटीआय, नाहीतर गोव्याला काम. मुलींकडून बरेचदा तेवढंही येत नसे. तिसरं आणि चौथं उत्तर मुलांनी डोळ्यांनी बघावं म्हणून काढायची ही सहल. यंदा मुख्याध्यापकांसमोर किंवा एसडीएमसीच्या (शाळेच्या पालक-समितीच्या) बैठकीत कुठलं नाव ठेवायचं या विचारात जे शिक्षक असतील, त्यांच्यासाठी चारही ठिकाणं शेजारी शेजारी ठेवून बघतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. नववीसाठी धारवाड. पैशाची ओढाताण असेल तर बेळगाव शहरच, आणि ते दुय्यम समजू नका. निपाणी-चिकोडीकडच्या शाळांनी कोल्हापूर. बंगळूर पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या मुलांसाठी राखून ठेवा.

आता बंगळूरपासूनच सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त हात तिकडेच वर होतात. तिथलं आकर्षण खोटं नाही. कस्तुरबा रोडवरच्या विश्वेश्वरय्या म्युझियममध्ये राइट बंधूंच्या विमानाची पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे. नेहरू तारांगण आहे, एचएएलच्या संग्रहालयात खरी विमानं जवळून बघता येतात. 1909 साली स्थापन झालेली भारतीय विज्ञान संस्था वर्षातून एक दिवस सगळ्यांसाठी प्रयोगशाळा उघडते. त्या दिवशी संशोधन करणारी तरुण मुलं-मुली स्वतः उभी राहून आपलं काम समजावून सांगतात. विज्ञान शाखेतल्या पीयूसीच्या मुलांना तो दिवस साधून नेता आलं तर जरूर न्या.

नववीसाठी मात्र हिशोब वेगळा पडतो. बेळगावहून बंगळूर पाचशे किलोमीटर, म्हणजे जायला एक रात्र, यायला एक रात्र. मुक्काम म्हटलं की यादीतली मुलींची नावं कमी होतात. आमच्याकडे दर वेळी हेच झालं. ज्या मुलींसाठी ही सहल सगळ्यात गरजेची, त्याच घरी राहतात. शिवाय एवढ्या लांब आलोय तर लालबाग बघू, विधानसौध बघू, म्हैसूरही करून येऊ, असं करत करत विद्यापीठ यादीच्या तळाशी जातं.

एकदा तर आम्ही रीतसर परवानगीचं पत्र न घेता एका संशोधन संस्थेच्या गेटवर जाऊन उभे राहिलो होतो. चूक आमचीच. पंचेचाळीस मुलं फुटपाथवर ओळीने उभी, आत हिरवीगार झाडं, आणि सुरक्षारक्षक नम्रपणे नाही म्हणतोय. गाडीत बसल्यावर मागच्या सीटवरचा एक पोरगा म्हणाला, “हे आपल्यासाठी नव्हेच की सर.” ज्या कामाला गेलो होतो त्याच्या बरोबर उलटं झालं होतं. तेव्हापासून ठिकाण किती मोठं आहे यापेक्षा गेटच्या आत कोण भेटणार आहे, हे मी आधी बघतो.

म्हणून धारवाड. बेळगावहून महामार्गाने पाऊणशे किलोमीटरच्या आसपास, सकाळी सातला निघालं तर दिवेलागणीपर्यंत घरी. एका गावात तीन वेगळ्या तऱ्हेच्या संस्था आहेत. कर्नाटक विद्यापीठ 1949 साली मुंबईत सुरू होऊन पुढे धारवाडला आलं. कृषी विज्ञान विद्यापीठ 1986 चं, पण तिथलं कृषी महाविद्यालय त्याहून जुनं, 1947 चं. आणि 2016 साली सुरू झालेली आयआयटी, जी आता चिक्कमल्लिगवाडच्या नव्या आवारात आहे.

शिक्षकांचा कल आयआयटीकडे असतो. नाव मोठं, फोटो चांगला येतो, पालकही खूश. पण तिथल्या प्रवेशासाठी जेईईच्या दोन पायऱ्या चढाव्या लागतात आणि नववीतल्या मुलाला ते ऐकून उमेदीपेक्षा धास्तीच जास्त वाटते. आत कोणी बोलणारं ठरलं असेल तर तासभर ठेवा. खरा दिवस कृषी विद्यापीठात घालवा. का ते सांगतो.

आमच्या मुलांना शेती येते. शेतीचं शिक्षण असतं, त्याची चार वर्षांची पदवी असते, त्यावर सरकारी खात्यात, बँकेत, बियाण्यांच्या कंपनीत, संशोधनात नोकऱ्या असतात, हे मात्र त्यांच्या गावी नसतं. त्यातही कर्नाटकात शेतकऱ्यांच्या मुलांसाठी वेगळा कृषी कोटा आहे. त्यासाठी सीईटीबरोबर शेतीची प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते: बियाणं ओळखा, अवजार ओळखा, रोग-किडी ओळखा. फळ्यावर मी हे तीनदा सांगितलं असेल, कोणाच्या डोक्यात शिरलं नव्हतं.

आम्ही कृषी विद्यापीठात गेलो त्या दिवशी आम्हाला कृषी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी भेटली, आमच्याच तालुक्यातली, मराठी शाळेत शिकलेली. तिने या परीक्षेच्या तयारीसाठी जमवलेल्या बियांच्या डब्या आणल्या होत्या, औषधाच्या रिकाम्या डब्या, प्रत्येकीवर चिकटवलेला आकडा. झाडाखाली पेपर पसरून तिने त्या ओळीने मांडल्या आणि म्हणाली, “सांगा बघू.” पहिली दोन मिनिटं कोणी हललं नाही. मग आमच्या वर्गातली, कधी हात वर न करणारी एक मुलगी उकिडवी बसली आणि बोट ठेवत गेली. नाचणा. सावा. हुलगा. चवळी. तीळ नव्हे, कारळा. अंबाडी. दोन चुकले, बाकी सगळे बरोबर. उठताना ती पुटपुटली, “हे तर मला येतंय की.” त्यानंतर तिने जे विचारलं ते कुठल्याच पाहुण्या वक्त्याला तिने विचारलं नसतं: फी किती, हॉस्टेलात जेवण कसलं, घरी कितीदा जाता येतं, आणि शेवटी, खाली बघत, “इंग्लिश पहिल्यापासून यायचं काय तुम्हाला?”

हा शेवटचा प्रश्न आपल्या भागातल्या प्रत्येक मराठी शाळेतल्या मुलाच्या पोटात असतो. दहावीपर्यंत मराठी, पीयूसी सायन्सला सगळं एकदम इंग्रजी. त्या मुलीने खरं तेच सांगितलं. पहिले सहा महिने काही कळत नव्हतं, पाठ्यपुस्तकाच्या कडेला पेन्सिलीने मराठी शब्द लिहून ठेवायची, पहिल्या टेस्टला फिजिक्समध्ये नापास झाली होती. ते ऐकताना मुलांचे चेहरे मी बघत होतो. धीर मिळाला तो तिच्या नापास होण्यातून.

आणखी एक गोष्ट तिथेच कळली म्हणून ही सहल नववीत हवी, दहावीत नको. कृषी पदवीला जायचं तर पीयूसीला जीवशास्त्र हवं. कॉमर्स घेतल्यावर किंवा जीवशास्त्र सोडल्यावर हे समजून उपयोग नाही. दहावीचं वर्ष परीक्षेत जातं आणि निकालानंतरच्या घाईत मैत्रीण जिकडे तिकडे आपण, असंच होतं. जंगलपट्ट्यातल्या, कणकुंबी-जांबोटीकडच्या शाळांसाठी हेही सांगतो की याच विद्यापीठाचं वनशास्त्राचं कॉलेज शिरसीला आहे. ज्या मुलांना झाडं पानावरून ओळखता येतात त्यांना वनशास्त्र नावाची पदवी असते हे कळलंच पाहिजे.

धारवाडची उणी बाजूही आहे. सगळा व्यवहार कन्नडमध्ये आणि इंग्रजीत. गाइड म्हणून दिलेली व्यक्ती भराभर कन्नड बोलू लागली की आमच्या खेड्यातली मुलं मान डोलावतात, पण अर्ध्या गोष्टी सुटतात. यावर उपाय म्हणजे आधीच मराठी बोलणारा विद्यार्थी शोधून ठेवणे. कृषी मेळ्याच्या दिवसांत मात्र जाऊ नका. मेळा बघण्यासारखा असतो, पण लाखोंच्या गर्दीत तुमच्या चाळीस मुलांशी बसून बोलायला कोणालाच सवड नसते.

कोल्हापूरची जमेची बाजू भाषेची. 1962 साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या आवारात आमची मुलं पाच मिनिटांत मोकळी झाली. शिपायापासून प्राध्यापकापर्यंत सगळ्यांना त्यांनी मराठीत प्रश्न विचारले. विद्यापीठात कोणी आपल्या भाषेत बोलतं, याचं अप्रूप सीमाभागातल्या मुलांना किती असतं ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. निपाणीहून कोल्हापूर जेमतेम चाळीस किलोमीटर, त्यामुळे तिकडच्या शाळांना धारवाडपेक्षा हेच सोयीचं. बेळगावहून मात्र शंभरच्या वर जातं.

कोल्हापूरला नेणार असाल तर जाण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर मुलांना अर्धवट स्वप्न दाखवल्यासारखं होईल. राज्य बदललं की प्रवेशाचे नियम बदलतात. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या प्रवेशात सीमाभागातल्या 865 गावांतल्या, मातृभाषा मराठी असलेल्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी तरतूद आहे. आपलं गाव त्या यादीत आहे का, कुठले दाखले लागतात, शाळेच्या दाखल्यावर मातृभाषा नीट लिहिलेली आहे का, हे बघणं शिक्षकाचंच काम आहे. यासाठी महाराष्ट्राची सीईटी द्यावी लागते, कर्नाटकची सीईटी वेगळी. मुलांना दोन्ही वाटा दाखवा. एकीसाठी दुसरी सोडायला सांगू नका.

आता बेळगाव. खानापूर, हुक्केरी, बैलहोंगल कुठूनही एका दिवसात जाऊन येता येतं, साध्या बसनेही जमतं, आणि म्हणूनच कोणी सहल म्हणून त्याचा विचार करत नाही. मुलं शहरात कापडं घ्यायला आणि दवाखान्यात येतात, बाकी शहर त्यांनी बघितलेलंच नसतं. उद्यमबागेतल्या जीटीटीसी या सरकारी प्रशिक्षण केंद्रात दहावीनंतर टूल अँड डाय मेकिंगचा, म्हणजे कारखान्यातली हत्यारं आणि साचे बनवण्याचा डिप्लोमा आहे, तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष प्रशिक्षण. आयटीआयपलीकडे काही असतं हे आयटीआय म्हणणाऱ्या मुलाला तिथे दिसतं. त्याच भागातल्या फाउंड्रीत वितळलेलं लोखंड साच्यात ओततानाचा उजेड बघून आमची मुलं गप्प झाली होती, आणि तिथल्या इंजिनिअरने ड्रॉइंग दाखवून हाच भाग हा, असं सांगितल्यावर गणितातल्या मिलीमीटरचा अर्थ त्यांना लागला. गणेशपूर रोडला निजलिंगप्पा साखर संस्था आहे. ज्या जिल्ह्यात घराघरातून ऊस कारखान्याला जातो तिथल्या मुलांना साखरेचं शास्त्र शिकवणारी संस्था आपल्याच शहरात आहे हे माहीत असू नये, याचं मला वाईट वाटतं. आयसीएमआरची पारंपरिक औषधांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्थाही बेळगावातच आहे. राणी चन्नम्मा विद्यापीठही आहे, 2010 चं.

व्हीटीयूबद्दल एक सूचना. मच्छेजवळचं विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ हे राज्यभरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांचं मुख्यालय आहे. नुसती इमारत आणि कार्यालयं बघून मुलांच्या हाती काही लागत नाही. त्यापेक्षा एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजची वर्कशॉप आणि लॅब मागून घ्या.

बेळगावचा तोटा एवढाच की मुलांना सहलीला गेल्यासारखं वाटत नाही. तीही त्यांची हौस असते, ती मोडू नये. संध्याकाळी किल्ल्यात नेऊन भेळ खाऊ घातली की बऱ्यापैकी भागतं.

पुण्याकडे आयुका ही खगोलशास्त्राची संस्था, एनसीएल ही रसायनशास्त्राची प्रयोगशाळा, आणि खोडदची महादुर्बीण 28 फेब्रुवारीला, विज्ञानदिनी, लोकांसाठी खुली असतात. तारीख परीक्षांच्या तोंडावर येते आणि अंतर साडेतीनशे किलोमीटर. विज्ञानात खरी गोडी असलेल्या पाच-सहा मुलांना पालकांसह पाठवणं जमलं तर उत्तम, अख्खा वर्ग नेऊ नका. गोव्यात दोना पावलाची समुद्रविज्ञान संस्था फार चांगली आहे, पण किनारा समोर असला की मुलांचं मन तिकडेच. डिसेंबर 2024 मध्ये मुरुडेश्वरला सहलीच्या चार मुली समुद्रात बुडाल्या. तेव्हापासून पाण्याकाठची सहल मी घेत नाही आणि कोणाला घ्या म्हणत नाही.

कुठेही न्या, चाळीसपेक्षा जास्त मुलं नकोत, आणि आत गेल्यावर दहा-दहाचे गट करा. आदल्या दिवशी प्रत्येकाने वहीत तीन प्रश्न लिहून आणायचे, त्यात एक फीचा आणि एक हॉस्टेलचा असलाच पाहिजे. परत आल्यावर आठवड्याभरात पालकांची बैठक घ्या आणि बोलायला मुलांनाच उभं करा. आमच्या बैठकीत बिया ओळखणाऱ्या त्या मुलीच्या वडिलांनी शेवटी एकच विचारलं, “हॉस्टेलात आपल्याकडच्या पोरी किती हाईत?” त्यांना फोनवर त्या विद्यार्थिनीशीच जोडून दिलं.

परवानगीचं पत्र महिनाभर आधी टाका, संस्थाप्रमुखांच्या नावाने, मुलांची संख्या आणि इयत्ता लिहून. आणि त्यात हे एक वाक्य घालायला विसरू नका: आपल्या संस्थेत शिकणारे, बेळगाव जिल्ह्यातले, शक्य असल्यास मराठी शाळेतून आलेले दोन-तीन विद्यार्थी आमच्या मुलांशी अर्धा तास बोलू शकतील का?