घराच्या पाटीसाठी : ‘शांती’ की ‘निवांत’?

घराच्या नावात शांतपणा हवा असेल, तर आपल्या मराठवाड्यात येऊन जाऊन दोनच वाटा. एक शांतिनिवास, शांतिसदन अशी. दुसरी नुसतं ‘निवांत’. परभणीत घर बांधलं तेव्हा आम्हालाही यातून एक निवडावी लागली.

मानाच्या दृष्टीनं शांती थोर. पैठणच्या एकनाथांना लोक शांतिब्रह्म म्हणतात. गोदावरीत नाहून येताना अंगावर थुंकणाऱ्यावर नाथ चिडले नाहीत, पुन्हा नदीवर गेले, ही गोष्ट आपल्याकडं लहानपणीच कानावर पडते. तिथं निवांत चालणार नाही. निवांतपणाला सवड लागते, अन् प्रपंच, कीर्तन, लेखन सांभाळणाऱ्या नाथांना ती कुठली! शिवाय ‘लई निवांत माणूस हाय’ हे कौतुकच असेल असं नाही.

मग अडलं कुठं? शांत हा ‘शम्’ धातूचा शब्द. शमलेलं ते शांत, म्हणजे आधी काहीतरी पेटलेलं, खवळलेलं असावं लागतं. राग शांत होतो, भूक शांत होते, नक्षत्राची शांत करतात. देवापुढचा दिवा विझला म्हणत नाहीत, शांत झाला म्हणतात. माणूस गेल्यावरही तेच. वडिलांच्या आजारपणात मला हे फार टोचलं. फोनवर ‘कसे आहेत?’ विचारावं आणि पलीकडून ‘शांत आहेत’ यावं. पुढचं ‘झोपलेत’ ऐकेपर्यंत जीव थाऱ्यावर राहायचा नाही. तो शब्द रोज दारावर वाचणं मला नको झालं. प्रत्येकाला असं वाटेलच असं नाही. घरातल्या शांताबाईंच्या नावानं पाटी लावायची असेल, तर प्रश्नच मिटला.

निवांतमागं असं विझलेलं काही नाही. कापूस घरात आला, सुगी सरली, की माणूस निवांत. ‘निवांत या’ म्हटलं की पाहुण्याला कळतं, घाई करायची नाही, जेवूनच जायचं. ‘शांत या’ असं कुणी बोलावत नाही. ‘शांत बसा’ मात्र वर्गात, अभ्यासिकेत कायम ऐकलेलं. घराच्या दारावर मला बोलावणारा शब्द हवा होता.

पाटी करायला देताना अनुस्वार तेवढा बघून घ्या. तो सुटला तर ‘निवात’ होतं, म्हणजे वारा नसलेलं. गीतेच्या 6 व्या अध्यायात न हलणाऱ्या दिव्याच्या जागेसाठी तोच शब्द आलाय. योग्याच्या चित्ताला तो शोभतो, पण मे महिन्यात आपल्याकडच्या घराला वारा पाहिजेच.