इग्नूचं एम.ए.: पुस्तकं उत्तम, तारखा मात्र तुम्हीच सांभाळायच्या

नोकरी किंवा घर सांभाळून एम.ए. करायचं असेल, तर इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, नक्की विचारात घ्या. १९८५ साली संसदेच्या कायद्याने स्थापन झालेलं हे केंद्रीय विद्यापीठ आहे. पदवी नेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा), पीएच.डी. आणि स्पर्धा परीक्षांना चालते. दोन वर्षांचं एम.ए. चार वर्षांपर्यंत लांबवता येतं. रोज कॉलेजला जायची गरज नाही.

खरी जमेची बाजू म्हणजे पुस्तकं. प्रत्येक घटकात मधे मधे प्रश्न आणि शेवटी त्यांच्या उत्तरांचे मुद्दे असतात, त्यामुळे शिकवायला कोणी नसतानाही विषय उलगडतो. ई-ज्ञानकोश या इग्नूच्या ऑनलाइन संग्रहावर हीच पुस्तकं फुकट मिळतात. छापील संच पोहोचायला बरेचदा उशीर होतो, म्हणून प्रवेशावेळीच डिजिटल साहित्य निवडावं; फीमध्ये १५ टक्के सूटही मिळते.

वेळेचा अंदाज मात्र बहुतेकांचा चुकतो. एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. वर्षाला ४० क्रेडिट धरले तर १२०० तास, म्हणजे आठवड्याला साधारण २३. रविवारच्या रविवार पुस्तक उघडून हे होत नाही.

गाडी अडते ती असाइनमेंटवर, म्हणजे घरी लिहून जमा करायच्या उत्तरांवर. एरवी त्यांना ३० टक्के आणि सत्रान्त परीक्षेला ७० टक्के वजन असतं, आणि एम.ए.ला दोन्हींत स्वतंत्रपणे ४० टक्के लागतात. परीक्षेत ७५ मिळाले आणि असाइनमेंट दिलीच नाही, तर तो पेपर ग्रेड कार्डवर अपूर्णच राहतो. असाइनमेंटची प्रश्नपत्रिका आपल्याच सत्राची, जुलैची की जानेवारीची, हे आधी तपासा. बाजारातल्या गाइडमधून उतरवू नका. तपासणाऱ्याकडे तीच उत्तरं गठ्ठ्याने आलेली असतात. पहिल्या पानावर नावनोंदणी क्रमांक, विषयाचा कोड आणि स्टडी सेंटरचा कोड लिहा, पूर्ण वहीची झेरॉक्स काढा आणि पोच जपून ठेवा. गुण चढायला वेळ लागतो. चढलेच नाहीत तर हाती पुरावा तेवढाच.

दुसरी हमखास चूक री-रजिस्ट्रेशनची, म्हणजे पुढच्या वर्षाच्या नोंदणीची. पहिल्या वर्षाच्या निकालाची वाट बघत लोक थांबतात आणि मुदत निघून जाते. निकाल लागला नसला, एखादा पेपर राहिला असला, तरी दुसऱ्या वर्षाचा फॉर्म भरता येतो. परीक्षेचा फॉर्म आणि त्याची फी वेगळी, तोही जून आणि डिसेंबरच्या परीक्षेआधी स्वतःच भरायचा. आठवण करून द्यायला वर्गशिक्षक नसतात.

मराठी माध्यमातून शिकलेल्यांची इथे खरी अडचण होते, आणि तिची कोणी पुरेशी कल्पना देत नाही. बहुतेक विषयांचं साहित्य इंग्रजी आणि हिंदीतच आहे. मराठीतून शिकायचं असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आधी बघा. इग्नूचीच निवड पक्की असेल, तर फी भरण्यापूर्वी ई-ज्ञानकोशवरून आपल्या विषयाचा एक पूर्ण घटक उतरवून घ्या आणि त्यातल्या प्रश्नांची उत्तरं हाताने लिहून पाहा.