फतेहगंजातल्या चर्चचं समुपदेशन: जाऊन बघा
नोकरी गेल्यापासून धाकटा भाऊ कोणाशी बोलेना, म्हणून बडोद्याच्या फतेहगंजातल्या एका चर्चमध्ये पाळकांकडे, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंकडे नेलं, वाटलं आता तासभर उपदेश ऐकायचा, पण छे! आधी झोप लागते का, जेवतोस का तेवढंच विचारलं. मग बायबलमधल्या '१ राजे' या पुस्तकाचा १९वा अध्याय काढला, एलीया नावाचा संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो आणि देवदूत काय करतो तर निखाऱ्यावरची भाकर नि पाणी देतो, परत झोपू देतो, बोलणं सगळं नंतर. भाऊ तिथेच रडला हो. डॉक्टरच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत हेही ठणकावून सांगितलं, ते मला जाम पटलं. फी नाही. फक्त शेजारच्या हॉलमध्ये क्वायरची, म्हणजे चर्चच्या गाणाऱ्यांची प्रॅक्टिस असली की ढोलकीपुढे काही ऐकू येत नाही, फोन करून जा. पाळक मराठी छान बोलतात.