हाइडनच्या विटा की बर्कहाइडेचा चौक?
१७व्या शतकातल्या डच शहरांचं रोजचं जगणं चित्रांत शोधायचं असेल, तर माझं मत खेरिट बर्कहाइडेला. त्याच्या १६७४ च्या चित्रात हार्लेमचं सिंट बाफो चर्च आहे, पण नजर खिळते ती समोरच्या चौकात: लांब सावल्या, गप्पा मारत थांबलेले लोक. त्याच काळातला दुसरा डच चित्रकार यान फान डर हाइडन ॲमस्टरडॅमच्या घरांची वीट न् वीट रंगवतो, मात्र सोयीनुसार इमारतीही खुशाल हलवतो. शिवाय त्याच्या कित्येक चित्रांतली माणसं आद्रियान फान डे फेल्डे या वेगळ्याच चित्रकारानं काढलेली! गंमत म्हणजे प्रत्यक्षात रस्त्यावरच्या माणसांसाठी राबला तो हाइडनच. ॲमस्टरडॅमच्या पथदिव्यांची योजना त्याची आणि भावासोबत आग विझवण्याचा चामडी पाइपही त्यानंच बनवला.