कोल्हापूरचे सर्किट बेंच : पक्षकाराच्या बाजूने पाहताना

मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारे पण अजून कायमस्वरूपी नसलेले न्यायपीठ, १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाले आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या पक्षकारांना उच्च न्यायालयात दाद मागण्यासाठी मुंबईला जाण्याची गरज उरली नाही. न्यायालय ही सुद्धा एक सार्वजनिक सेवा आहे, आणि तिचे मोल वकिलांच्या सोयीपेक्षा पक्षकाराच्या सोयीवर ठरवले पाहिजे, असे मला वाटते. भुदरगडच्या एखाद्या शेतकऱ्याला जमिनीच्या अपिलासाठी महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून मुंबई गाठावी लागे. वकिलाची फी वेगळी, राहण्याजेवणाचा खर्च वेगळा, आणि सुनावणी पुढे गेली की हे सारे पुन्हा. आता तोच शेतकरी सकाळच्या एसटीने येऊन संध्याकाळी धारेच्या वेळेपर्यंत घरी पोहोचू शकतो. या एका गोष्टीसाठी मी या सेवेला मनापासून चांगले म्हणेन.

ही सोय कोणी आपणहून देऊ केलेली नाही, हे नव्या पक्षकाराला माहीत असावे. संस्थानकाळात करवीरचे, म्हणजे कोल्हापूर संस्थानाचे, स्वतःचे उच्च न्यायालय होते. १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले आणि ते मागे पडले. १९८१ मध्ये औरंगाबादला मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ सुरू झाले, आणि कोल्हापूरची तशाच खंडपीठाची मागणी त्यानंतर चार दशके तेवत राहिली. सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी कामकाजापासून अलिप्त राहून, साखळी उपोषणे करून, मोर्चे काढून ती जिवंत ठेवली. काळा कोट नुकताच चढवलेले ज्युनिअर या आंदोलनात आले आणि ज्येष्ठ वकील म्हणून निवृत्त झाले, तरी निर्णय झाला नव्हता. शहरातल्या रस्त्यांवरील टोलविरोधी लढ्यात प्रा. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यामागे उभे राहून टोल रद्द करून घेणाऱ्या या शहराला चिकाटीची सवय आहेच. परंतु टोलची झळ रोज खिशाला लागत होती, तर खंडपीठाची गरज ज्याचा खटला आहे त्यालाच कळते. म्हणूनच या मागणीमागे सर्वसामान्य नागरिक इतकी वर्षे उभे राहिले, याचे मला अधिक मोल वाटते.

बेंचचे कामकाज सीपीआर या सरकारी रुग्णालयासमोर, जुन्या जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत चालते. जिल्हा न्यायालय कसबा बावड्याला गेल्यावर मोकळी झालेली ही वास्तू नूतनीकरण करून वापरात आणली, हा निर्णय योग्यच म्हणावा लागेल, कारण ती शहराच्या मध्यभागी आहे आणि मध्यवर्ती बसस्थानकावरून रिक्षाने सहज गाठता येते. मात्र हा परिसर मुळातच रुग्ण, नातेवाईक आणि वाहने यांनी गजबजलेला असल्यामुळे स्वतःची गाडी आणणे टाळलेले बरे. सहा जिल्ह्यांचा भार ही जागा कायमचा पेलू शकणार नाही; त्यासाठी शेंडा पार्क परिसरातील नियोजित संकुल लवकर उभे राहिले पाहिजे. शिवाय हे बेंच राज्य पुनर्रचना कायदा, १९५६ च्या कलम ५१(३) नुसार, राज्यपालांच्या मान्यतेने मुख्य न्यायमूर्तींच्या आदेशाने सुरू झाले आहे. कायमस्वरूपी खंडपीठासाठी राष्ट्रपतींचा आदेश लागतो, त्यामुळे खंडपीठासाठी लढणाऱ्या वकिलांच्या कृती समितीने आणि नागरिकांनी पाठपुरावा थांबवण्याची वेळ अजून आलेली नाही.

सर्वच जिल्ह्यांना लाभ सारखा नाही. सांगलीकरांना हे अंतर तासा-दीड तासाचे आहे, पण सोलापूरहून येणाऱ्यांचा प्रवास अजूनही लांबचा आहे आणि सिंधुदुर्गच्या पक्षकाराला पावसाळ्यात घाटरस्त्याचा भरवसा धरता येत नाही. अशांनी आदल्या दिवशी मुक्कामाला यावे. अंबाबाई मंदिराच्या परिसरात धर्मशाळा आणि परवडणारी यात्री निवास आहेत, मात्र नवरात्रात आणि सलग सुट्ट्यांना लागून तारीख असेल, तर खोली आधीच राखून ठेवावी.